स्पीकरमध्ये ‘घूंऽऽ’ येतं? अ‍ॅम्पची तिसरी पिन काढण्याआधी हे वाचा

एक छोटा प्रयोग आत्ताच करून बघा. फोन ऑक्स वायरनं स्पीकरला जोडा, गाणं लावू नका, स्पीकरचा आवाज अर्ध्यापर्यंत वाढवा. काही ऐकू येत नाही ना? आता त्याच फोनला चार्जर लावा. बऱ्याच घरांत इथे एक बारीक ‘घूंऽऽ’ सुरू होतं. चार्जर काढला की बंद. फोन तोच, वायर तीच, स्पीकरही तोच. नवीन काय आलं? भिंतीतली वीज.

हे ‘घूं’ घालवायला लोक काय काय करतात ते मी पाहिलंय, आणि त्यातला सगळ्यात मूर्ख उपाय मी स्वतः केलाय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पुण्यात नोकरी करतो, घर जळगावला. डिग्रीत इलेक्ट्रिकलचा एक पेपर होता. तो पास होण्यापुरताच केला होता, हे पुढे कळेलच.

झालं असं. पहिल्या नोकरीतले पैसे साठवून मी पुण्यात एक जुना स्टिरिओ अ‍ॅम्प आणि दोन बुकशेल्फ स्पीकर घेतले. सेकंडहँड, पण दणकट, आत चांगला जड ट्रान्सफॉर्मर. दिवाळीला ते धूड जळगावला नेलं, कारण पप्पांना संध्याकाळी जुनी गाणी ऐकायची असतात आणि टीव्हीच्या आवाजात त्यांना मजा येत नव्हती. टीव्हीला सेटटॉप बॉक्स, बॉक्सला केबलवाल्याची वायर, टीव्हीतून ऑडिओ वायर अ‍ॅम्पला. सगळं जोडलं, चालू केलं आणि गाण्याच्या आधी ‘घूंऽऽ’ आलं. पुण्यात हाच अ‍ॅम्प एकदम शांत होता.

मग रात्री एकला व्हिडिओ शोधले. त्यातल्या एकानं सांगितलं, अ‍ॅम्पची अर्थिंगची पिन काढा, घूं गायब. मी टू-पिनचं अ‍ॅडॉप्टर लावलं, म्हणजे तिसरी पिन हवेतच. घूं खरंच गायब! पप्पा खूश, मी हीरो, आणि मी पुण्याला परत.

मे महिन्यात फोन आला. आईनं फरशी पुसली, मग ओल्या फडक्यानं टीव्हीचं युनिट पुसायला घेतलं. पुसायला अडचण होते म्हणून अ‍ॅम्पच्या मागच्या ऑडिओ वायरी काढून ठेवल्या, पण प्लग बोर्डात आणि बटण चालूच. अनवाणी पाय ओल्या फरशीवर, हात अ‍ॅम्पच्या लोखंडी अंगावर. झिणझिण्या वगैरे नाही, चांगला झटका. हात मागे फेकला गेला म्हणून वाचली. आईचं माहेर धुळ्याचं, चिडली की अहिराणीत येते. फोनवर पहिलं वाक्य होतं, “हाऊ तुना डबा झटका मारस रे!”

त्या शनिवारी मी घरी होतो. सोबत पप्पांच्या ओळखीचे एक जुने, परवानाधारक वायरमन. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणतो.

मीटरनं काय सांगितलं

काकांनी मल्टिमीटर काढला आणि सॉकेटमध्ये तीन रीडिंग घेतली. फेज ते न्यूट्रल २२१ व्होल्ट. ठीक. फेज ते अर्थ १४६. न्यूट्रल ते अर्थ ७४. काका नुसते हसले. मला हसण्याचं कारण कळायला पाच मिनिटं लागली.

ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल जमिनीत गाडलेला असतो. म्हणजे घरात न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात जवळपास काहीच व्होल्टेज दिसायला नको. एक-दोन व्होल्ट, फार तर तीन. आमच्याकडे ७४ होतं. शिवाय १४६ आणि ७४ ची बेरीज बघा, जवळपास तेच २२१. याचा अर्थ आमच्या घराची अर्थची तार जमिनीला टेकलेलीच नव्हती, ती फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत होती. मागच्या अंगणात खड्डा उकरून पाहिला तर पाइपाला जोडलेली पट्टी गंजून तुटलेली. कधी तुटली देव जाणे. बोर्डातली हिरवी वायर पाहून आम्ही वर्षानुवर्षं समजत होतो की अर्थिंग आहे.

आता मुख्य गोष्ट. फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, कूलरची मोटर, प्रत्येकातून थोडी थोडी वीज गळत असते. काहींच्या आत तर मुद्दाम तसे छोटे कॅपॅसिटर बसवलेले असतात, आतली खरखर अंगाकडे म्हणजे अर्थकडे सोडण्यासाठी. लॅपटॉपच्या टू-पिन चार्जरवर मेटल बॉडीला बोट घासलं की जी गुदगुली होते ती हीच. ही गळती अर्थच्या तारेतून जमिनीत जायची असते. आमच्या घरात तिला जमीनच सापडत नव्हती. मग ती कुठे जात होती?

अ‍ॅम्पच्या तिसऱ्या पिनमधून अ‍ॅम्पच्या अंगात, तिथून ऑडिओ वायरच्या बाहेरच्या जाळीतून टीव्हीत, तिथून सेटटॉप बॉक्सला आणि केबलच्या जाळीतून बाहेर, जिथे ती दुसऱ्याच कुठल्यातरी जागी जमिनीला टेकलेली. म्हणजे आख्ख्या घराची गळती माझ्या अडीचशे रुपयांच्या ऑडिओ वायरमधून जमिनीत चालली होती! ऑडिओ वायरमध्ये गाण्याचा सिग्नल असतो साधारण एक-दीड व्होल्टचा. त्याच्या जाळीवर दोन-चार मिलिव्होल्ट जरी ५० हर्ट्झचे चढले तरी शांत जागी ते कानाला टोचतात. यालाच ऑडिओवाले ग्राउंड लूप म्हणतात: दोन उपकरणं दोन वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला जोडलेली, आणि त्या दोन जमिनींमधला फरक तुमच्या ऑडिओ वायरमधून वाहतोय.

मी पिन काढली तेव्हा ही वाट तुटली, म्हणून घूं थांबलं. पण त्यानंतर अ‍ॅम्पच्या अंगाला जमिनीकडे जायला एकच रस्ता उरला, ती ऑडिओ वायरची जाळी. आईनं साफसफाईत नेमकी तीच काढली. अ‍ॅम्पमधला जुना फिल्टर कॅपॅसिटर खराब झालेला निघाला, तो फेज थेट अंगाला सोडत होता. उरलेला रस्ता म्हणजे आईचा हात, पाय आणि ओली फरशी.

प्रामाणिकपणे सांगतो, मी पिन काढली नसती तरी त्या दिवशी फार फरक पडला नसता, कारण पलीकडे अर्थच तुटलेली होती. पण ‘घूं’ ऐकून मी काकांना दिवाळीतच बोलावलं असतं तर खड्डा तेव्हाच उकरला गेला असता. घर ओरडून सांगत होतं आणि मी त्याचं तोंड बंद केलं.

आपल्याकडची माती

खानदेशात हे प्रकरण उन्हाळ्यात जास्त का बोंबलतं याला कारण आहे. तापीच्या खोऱ्यातली आपली काळी माती ओली असताना वीज छान नेते. पण मेमध्ये जळगाव ४४-४५ अंशांवर गेलं की तीच माती आक्रसते, भेगा पडतात, आणि अर्थिंगच्या पाइपाभोवती चक्क पोकळी होते. पाइप जमिनीत आहे, पण जमीन पाइपाला टेकत नाही. नेमके याच दिवसांत लोखंडी कूलर सुरू होतात, त्यात पाणी, खाली ओली फरशी. दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकच्या बातम्या आपण वाचतो त्या उगाच नाहीत.

जुन्या पद्धतीत पाइपाभोवती कोळसा आणि मीठ भरतात. कोळसा ओल धरतो, मीठ पाण्यात विरघळून वीज नेतं. गडबड अशी की मीठ लोखंड खातं, आमची पट्टी बहुतेक त्यानंच खाल्ली. आता ‘केमिकल अर्थिंग’ म्हणून जे विकतात त्यात बहुतेक वेळा बेंटोनाइटची पूड असते. गंमत म्हणजे बेंटोनाइट ही आपल्या काळ्या मातीच्याच कुळातली चिकणमाती, फक्त ती निवडून घेतलेली आणि पाणी जास्त धरणारी. भारतीय मानक आयएस ३०४३ मध्ये जीआय पाइप निदान ३८ मिलिमीटर आतल्या व्यासाचा आणि अडीच मीटर लांब असावा असं दिलंय. आम्ही तेच केलं, वर पाणी टाकायला नरसाळं आणि झाकण ठेवलं, आणि पट्टी-बोल्टचा जोड उघडून बघता येईल असा वरच ठेवला. जो जोड दिसत नाही तो गंजल्याचं कळत नाही.

काम झाल्यावर परत तीन रीडिंग. फेज-न्यूट्रल २२१, फेज-अर्थ २२०, न्यूट्रल-अर्थ १.

इथे एका जुगाडाबद्दल सांगतो, कारण तो खूप घरांत सापडतो. अर्थिंग नसलं की काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थच्या पिनला टाकून देतात. टेस्टर, मीटर, सगळं खूश. पण उद्या न्यूट्रल कुठे तुटला तर घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूच्या अंगावर फेज येतो. ओळखायचं कसं? गिझर किंवा इस्त्री चालू ठेवून न्यूट्रल-अर्थ मोजायला सांगा. चांगल्या अर्थिंगमध्येही लोडमुळे एखादा व्होल्ट दिसतोच. लोड चालू असताना अगदी ०.० येत असेल तर सॉकेट उघडून बघा. म्हणजे वायरमनला उघडायला लावा, तुम्ही नाही.

त्याच दिवशी मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत येतेय का, एवढंच तो बघत असतो. फरक ३० मिलिअँपिअरच्या आसपास गेला, म्हणजे वीज कुणाच्या तरी अंगातून किंवा भिंतीतून जमिनीत चाललीय, की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत तो सप्लाय तोडतो. एमसीबी हे काम करत नाही, त्याला माणूस आणि बल्ब सारखेच. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. तुमच्या ऑडिओच्या बजेटमधले पहिले पैसे इथे घाला.

मग घूं गेलं का?

बरंचसं गेलं, पूर्ण नाही. तिसरी पिन लावून, अ‍ॅम्पचा कॅपॅसिटर बदलून, अर्थिंग दुरुस्त करूनही कान लावला की हलकं ‘घूं’ होतंच. कारण लूप अजून होताच: आमची जमीन आणि केबलवाल्याची जमीन वेगळी. पण आता दोघींमधला फरक खूप कमी.

तुमच्याकडे घूं कुठून येतंय हे शोधायला मोबाइल पुरतो. फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं बनवलेलं, अँड्रॉइड-आयफोन दोन्हीवर चालतं. त्यात ‘ऑडिओ स्पेक्ट्रम’ उघडा आणि फोन स्पीकरच्या जाळीजवळ धरा. ५० हर्ट्झला फोनचा माइक जरा बहिरा असतो, त्यामुळे वरचे टोकदार उंचवटे बघा. १५०, २५० असे दिसले तर लूपचा संशय जास्त. १००, २००, ३०० दिसले तर अ‍ॅम्पचा स्वतःचा पॉवर सप्लाय म्हातारा झालाय, मोठे कॅपॅसिटर बदलायला आलेत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ, पण डायोडमधून गेल्यावर लाटेचा खालचा अर्धा भागही वर येतो, म्हणून १००.

मग एकेक वायर काढत जा. सगळ्यात आधी टीव्हीची केबल किंवा डिशची वायर सेटटॉप बॉक्समधून काढा. घूं थांबलं तर चोर सापडला. आमच्याकडे तोच निघाला. उपाय स्वस्त होता: टीव्ही ते अ‍ॅम्प ऑडिओ वायरऐवजी ऑप्टिकल वायर आणि एक छोटा डॅक कन्व्हर्टर. ऑप्टिकलमधून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे लूपच संपला. टीव्हीला ऑप्टिकल नसेल तर ब्लूटूथ रिसीव्हर लावा, तिथेही टीव्ही आणि अ‍ॅम्पमध्ये तार नाही. सुरुवातीच्या चार्जरच्या प्रयोगालाही हेच उत्तर: चार्जिंग करताना गाणी ऐकायची असतील तर ब्लूटूथवर ऐका.

आणि एक फुकटचा उपाय आधी करा. टीव्ही, बॉक्स, अ‍ॅम्प, सबवूफर, सगळं एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. सबवूफर हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या सॉकेटवर असेल तर दोन सॉकेटच्या अर्थमध्येही फरक असू शकतो. लोडची भीती नको. घरगुती सिस्टिम टीव्हीसकट सहसा ५०० वॅटच्या आत असते, म्हणजे दोन-सव्वादोन अँपिअर. सहा अँपिअरच्या सॉकेटला ते काहीच नाही.

दुकानात तुम्हाला कुणीतरी सांगेल, “ऑडिओसाठी वेगळं अर्थिंग करून घ्या.” वेगळा खड्डा करा हवं तर, पण तो घराच्या अर्थला जोडलेलाच हवा. न जोडता दुसरा खड्डा म्हणजे पैसे देऊन लूप विकत घेणं.

व्होल्टेज कमी आहे, स्टॅबिलायझर घेऊ का?

हा प्रश्न मला खेड्यातल्या चुलतभावांकडून नेहमी येतो. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या, कूलर लागले, की १९० वर येतं. दीपनगरचं औष्णिक केंद्र भुसावळला, आपल्या उशाशी, आणि आपल्याच घरात बल्ब पिवळा! पण वीज कुठे तयार होते याचा तुमच्या सॉकेटशी संबंध फार थोडा. तुमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर, त्यावरचा भार आणि शेवटचे दोनशे मीटर, तिथे सगळं ठरतं.

आधी उपकरणाच्या मागचं लेबल वाचा. फोनच्या चार्जरवर असतं तसं ‘१००–२४० व्होल्ट’ लिहिलं असेल तर तो एसएमपीएस आहे, १९० काय १५० आलं तरी तो आतलं व्होल्टेज तेवढंच ठेवतो. आजकालचे साउंडबार, टीव्ही, ब्लूटूथ स्पीकर बहुतेक असेच. त्यांना स्टॅबिलायझर लावणं म्हणजे छत्री घेऊन आंघोळ.

ट्रान्सफॉर्मरवाल्या जड अ‍ॅम्पचं काय? त्याच्यात बाहेर २३० चं १९० झालं तर आतलंही तेवढ्याच प्रमाणात खाली येतं. ताकद व्होल्टेजच्या वर्गानुसार जाते, म्हणजे १०० वॅटचा अ‍ॅम्प सुमारे ६८ वॅटचा होतो. ऐकायला भयंकर वाटतं. पण कानाच्या हिशोबात हा फरक दीड-पावणेदोन डेसिबल, आणि तोही फक्त आवाज पूर्ण वाढवल्यावर. घरात आपण ऐकतो तेव्हा स्पीकरला सरासरी एक-दोन वॅट पुरतात. त्यामुळे “व्होल्टेज कमी म्हणून बेस येत नाही” हे बहुतेक वेळा खरं नसतं. स्पीकर भिंतीपासून थोडा पुढेमागे सरकवून बघा आधी.

खरी भीती कमी व्होल्टेजची नाही, जास्तीची आहे. तुमच्याकडे रात्री लोड उतरल्यावर २५५-२६० येत असेल तर जुने ट्रान्सफॉर्मर तापतात, गुणगुणतात. अशा ठिकाणी साधा व्होल्टेज प्रोटेक्टर लावा, जो ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की सरळ तोडतो. रिलेवाला स्टॅबिलायझर दर थोड्या वेळानं ‘टक्’ करतो, गाण्याच्या मध्ये ते आणखी वैताग. कायमच कमी-जास्त असेल तर १९१२ वर महावितरणला तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. रीडिंगचे वेळेसकट फोटो काढून ठेवलेले उपयोगी पडतात.

घरातल्या वायरिंगचा वाटा मात्र आपल्या हातात आहे. तांब्याच्या एकच्या वायरला, म्हणजे एक चौरस मिलिमीटरच्या, दर मीटरला साधारण १८ मिलिओहम अडथळा असतो. बोर्डापासून २० मीटर अंतर धरा, जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे पाऊण ओहमच्या जवळ. त्याच लाइनवर दोन हजार वॅटचा गिझर असेल तर तो चालू होताच सहा व्होल्ट वायरमध्येच जातात. अडीचची वायर टाकली तर अडीच व्होल्ट. म्हणून घराचं काम निघालं असेल तर हॉलच्या टीव्हीपाशी मेन बोर्डातून अडीचची वेगळी लाइन, तिला वेगळा एमसीबी, एवढं टाकून घ्या. भिंती फोडलेल्या असताना याचा खर्च नगण्य, नंतर मात्र डोकेदुखी. कूलर, मिक्सर, फ्रिज यांची ‘टिक्’ स्पीकरमध्ये येणंही यानं कमी होतं. पंख्याचा गोल फिरणारा, कुठेही थांबणारा रेग्युलेटर असेल तर त्याची वेगळी ‘झर्रर्र’ येते. टप्प्याटप्प्यानं फिरणारा कॅपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला की ती जाते.

धुळ्याचा मामा आणि सुटलेला न्यूट्रल

मामाचं घर धुळ्याला देवपुरात, दोन मजली, थ्री-फेज कनेक्शन. खालचा मजला एका फेजवर, वरचा दुसऱ्या. एका रविवारी सकाळी मामाचा व्हिडिओ कॉल, फार कौतुकानं दाखवत होता, “भाचा, बल्ब सूर्यामायक चमकी राहिना!” वरच्या मजल्यावर बल्ब पांढराशुभ्र, खाली ट्यूब लागतच नव्हती. मी म्हणालो, मामा, आधी मेन स्विच पाड. तो जिन्यावरून उतरेपर्यंत वर ‘फट्’ झालं. टीव्ही आणि होम थिएटरचा सबवूफर, दोन्ही गेले.

घराच्याच मेन बोर्डात न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन जळला होता. थ्री-फेजमध्ये दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात. मधला न्यूट्रल आहे तोवर प्रत्येक मजल्याला २३०. न्यूट्रल सुटला की दोन्ही मजले एकामागे एक जोडल्यासारखे होतात आणि ते ४०० आपसात वाटून घेतात, तेही उलट्या न्यायानं: ज्याच्याकडे लोड कमी त्याला व्होल्टेज जास्त. खाली दोन हजारांचा गिझर आणि वर शंभर वॅटचा टीव्ही असेल तर टीव्हीला ३८० पर्यंत जाऊ शकतं. यापुढे कुठलीही महागडी पॉवर केबल काय करणार?

म्हणून लक्षात ठेवा, घरात काही दिवे मंद आणि काही एकदम प्रखर दिसले की विचार न करता मेन बंद. आणि वर्षातून एकदा वायरमनकडून मेन बोर्डातले स्क्रू आवळून घ्या. मामानं आता व्होल्टेज प्रोटेक्टरही लावलाय. सबवूफर नवीन घेतला तो जुन्यापेक्षा मोठा, मामीची तक्रार त्याबद्दल आहे.

उरलेलं थोडं

इन्व्हर्टर: लाइट गेल्यावर पंखा गुणगुणायला लागतो का? मग तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हवाला आहे, आणि ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅम्प त्यावर तसाच गुणगुणेल. पुढच्या वेळी घेताना साइन वेव्हचा घ्या.

स्पाइक गार्ड: त्यातला सुरक्षेचा भाग जास्तीची वीज अर्थकडेही फेकतो. अर्थिंग नसेल तर तो निम्मा निकामी. मेअखेरीचे वळवाचे ढग गडगडायला लागले की स्पाइक गार्डवर विसंबू नका, प्लग काढा आणि केबलची वायरही काढा. वीज तिच्यातूनही येते.

पॉवर केबल आणि ‘कंडिशनर’: जपानमध्ये काही शौकीन ऑडिओसाठी दारात स्वतःचा विजेचा खांब आणि ट्रान्सफॉर्मर उभा करतात. २०१६ मध्ये एका वयस्कर वकिलाची बातमी जगभर गाजली होती, त्यांनी साधारण १० हजार डॉलर खर्च केले होते. मला त्यांचं हसू येत नाही, हौसेला मोल नसतं. पण ही हौस जोड, वायरिंग ठाकठीक झाल्यावरची आहे. आपल्याकडे खड्ड्यातली पट्टी तुटलेली असताना पाच हजारांची पॉवर केबल घेणारे मित्र मला माहीत आहेत. खांबापासून मीटरपर्यंत आणि भिंतीतून वीस मीटर साध्या वायरमधून आलेली वीज शेवटच्या दीड मीटरमध्ये कशी पवित्र होते, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

माझ्या फोनमध्ये आता १ एप्रिलचं एक रिमाइंडर आहे: ‘अर्थिंगला पाणी’. या मे महिन्यात घरी गेलो तेव्हा लोड चालू ठेवून न्यूट्रल-अर्थ मोजलं तर ३ च्या वर होतं. नरसाळ्यातून दोन बादल्या पाणी टाकलं, तासाभरानं दीडवर आलं. मागे पप्पांची गाणी चालूच होती. आई हल्ली अ‍ॅम्प पुसताना आधी प्लग काढते आणि परत लावायला मलाच बोलावते.